एकविसाव्या संगणकाला प्रवेश का नाही?

इंदूर शहराच्या पूर्व भागातील खजराना हे एके काळचे गाव, तेथील गणेश मंदिरामुळे सर्वदूर परिचित. अशा वस्तीतील एखाद्या शाळेचे उदाहरण घ्यावे. शाळेच्या कार्यालयातील एका संगणकावर गुणपत्रके साठविलेली असून वर्गांतील संगणक नेटवर्कद्वारे त्यास जोडलेले आहेत. निकालाच्या दिवशी सर्व शिक्षक एकदम कामास बसतात आणि काहींच्या पडद्यावर सूचना उमटते, की या संगणकाशी आता आणखी जोडणी होऊ शकत नाही. तार तुटली असावी अशा समजुतीने कारागिरास पाचारण केले जाते. वस्तुतः तार शाबूत असते. संपलेली असते ती परवान्याची मर्यादा.

सॉफ्टवेअर विकत घेतल्याने त्याची मालकी मिळत नाही, ठरावीक अटींवर वापरण्याची अनुमती तेवढी मिळते. विंडोज १० व ११ यांच्या परवान्यानुसार फाईल व छपाई यांसाठी एका संगणकाशी अन्य २० साधनांपर्यंतच जोडणी करता येते. जुन्या एक्सपी प्रोफेशनलमध्ये ही मर्यादा १० होती. मोजणी माणसांची नसून साधनांची होते. कागदाची प्रतिमा थेट फोल्डरमध्ये पाठविणारा स्कॅनरही तीत धरला जातो. बुधवारी मंदिरात गर्दी झाली तरी रांगेतील भाविकाची पाळी येतेच. संगणकापाशी अशी रांग नसते. एकविसाव्यास तो सरळ परत पाठवितो. अर्ध्या तासाने तोच शिक्षक विनासायास आत जातो, आणि म्हणूनच दोषाचे निदान चुकते.

मुख्य संगणकावर प्रशासकाच्या अधिकाराने ‘नेट सेशन’ ही आज्ञा दिल्यास कोणते संगणक जोडलेले आहेत, त्यांनी किती फाईली उघडल्या आहेत व ते किती वेळ निष्क्रिय आहेत, याची यादी मिळते. निष्क्रिय जोडणी सामान्यतः १५ मिनिटांनी आपोआप तुटते. परंतु एखादी फाईल उघडी असेल तर ती तशीच अडून राहते. सकाळी फाईल उघडून तासाला निघून गेलेले गुरुजी दुसऱ्याची जागा अडवितात ती अशी. त्यांची जोडणी येथून तोडता येते खरी, पण जतन न केलेले गुण त्यासरशी नष्ट होण्याचा संभव असतो. आधी त्यांना निरोप धाडणे इष्ट.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. टॅलीचा सिल्व्हर परवाना एकाच संगणकासाठी, तर गोल्ड परवाना नेटवर्कवरील अनेकांसाठी असतो. तेव्हा सूचना विंडोजची की त्या सॉफ्टवेअरची, हे प्रथम वाचून घ्यावे.

गरजच २० हून अधिक साधनांची असेल, तर सर्व्हरची विंडोज आवृत्ती व तिच्यासोबतचे जोडणी-परवाने घ्यावे लागतात. लिनक्सवरील सांबा हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरल्यास परवान्याची अशी मर्यादाच राहत नाही. मात्र ते बसविणारा जाणकार हवा. कुलूप तोडलेली प्रत कोणी फुकट देऊ केली, तर तिच्यातून विषाणू शिरण्याचे भय असते. शिवाय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३-ख अन्वये अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.