बाद, साखळी, स्विस आणि मॅकमॅहॉन : गो स्पर्धांचे गणित

प्रथम एक कोडे. एका स्पर्धेत ६४ खेळाडू आहेत. जो हरला तो बाद. तर विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील? बरेच जण कागद-पेन्सिल घेऊन ३२, १६, ८ अशी बेरीज करू लागतात. तिची गरज नाही. प्रत्येक सामन्यात एक आणि एकच खेळाडू बाद होतो. विजेता सोडून उरलेल्या ६३ जणांना बाद करायचे आहे, म्हणून सामने ६३!

आता याहून अवघड प्रश्न. या ६३ सामन्यांनंतर जो विजेता ठरला, तोच सर्वांत चांगला खेळाडू असे खात्रीने म्हणता येईल का? आणि उरलेल्यांना आपण किती पाण्यात आहोत हे कळेल का? 'गो' या खेळाच्या स्पर्धांमध्ये या प्रश्नांचा फार बारकाईने विचार झालेला आहे. आज इंटरनेटवरून कोणालाही या स्पर्धांत भाग घेता येतो. म्हणून त्यांची रचना समजून घेऊ.

खेळाची तोंडओळख

गो हा मूळचा चीनमधला, अडीच हजार वर्षांहून जुना बैठा खेळ. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा असतात. त्यांच्या ३६१ छेदनबिंदूंवर काळ्या व पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवायच्या आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक जागा वेढायची. फासे नाहीत, पत्ते नाहीत. म्हणजे नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. काळ्याला पहिली चाल मिळते, म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण देतात. जपानी नियमांत ते साडेसहा, तर चिनी नियमांत साडेसात असतात. या अर्ध्या गुणामुळे डाव बरोबरीत सुटत नाही.

खेळाडूंच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नवशिक्या ३० क्यूच्या आसपास सुरुवात करतो. तो सुधारत गेला की आकडा कमी होत १ क्यूपर्यंत येतो. त्यापुढे १ डान, २ डान असा चढता क्रम लागतो. दोघांत चार पायऱ्यांचे अंतर असेल, तर कच्च्या खेळाडूला पटावर आधीच चार सोंगट्या मांडायला देतात. अशी सवलत साधारणपणे नऊ सोंगट्यांपर्यंत देतात. थोडक्यात, गोच्या खेळाडूंपाशी स्वतःची एक मोजपट्टीच असते. स्पर्धा हे त्या मोजपट्टीवरचे वाचन.

बाद पद्धत

ही पद्धत झटपट आटोपते. ६४ खेळाडूंना फेऱ्या फक्त सहा लागतात, कारण २ चा सहावा घात ६४ आहे. पण ती किती भरवशाची?

समजा, अधिक बलवान खेळाडू कमी बलवान खेळाडूला दहापैकी सात वेळा हरवतो. मग ६४ जणांतल्या सर्वांत बलवान खेळाडूने सलग सहा डाव जिंकण्याची संभाव्यता किती? ०.७ ला स्वतःशी सहा वेळा घेऊन गुणा. उत्तर येते सुमारे ०.१२. म्हणजे शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी वेळा विजेता दुसराच कोणीतरी ठरेल!

उपविजेत्याची कथा याहून चमत्कारिक आहे. क्षणभर असे माना, की बलवान खेळाडू प्रत्येक वेळी जिंकतोच. तरीसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू अंतिम फेरीत पोहोचेल असे नाही. तो पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबर पटाच्या एकाच अर्ध्या भागात सापडला, की वाटेतच बाद होणार. आठ खेळाडू असतील, तर पहिल्याला सोडून उरलेल्या सात जागांपैकी चारच दुसऱ्या अर्ध्या भागात असतात. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची संभाव्यता ४/७. बत्तीस खेळाडू असतील तर ती १६/३१, म्हणजे जवळजवळ निम्मी. 'ॲलिस'ची अद्भुत कथा लिहिणारे लुई कॅरॉल हे ऑक्सफर्डमध्ये गणिताचे अध्यापक होते. टेनिस स्पर्धांमधला हाच अन्याय त्यांनी १८८३ साली एका पुस्तिकेत दाखवून दिला होता.

शिवाय निम्मे खेळाडू एकच डाव खेळून बाहेर पडतात. प्रयोगशाळेत आपण लंबकाचा आवर्तकाल एकदाच मोजून वही मिटत नाही. मग खेळाडूचे सामर्थ्य एका डावावरून कसे ठरणार?

साखळी पद्धत

मग प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. ही पद्धत न्याय्य खरी, पण ६४ जणांचे सामने होतात ६४ × ६३ ÷ २ = २०१६, आणि फेऱ्या ६३. गोचा एक डाव तासभर सहज चालतो. एवढा वेळ कोणापाशी आहे?

येथे इंटरनेटने एक नवी सोय केली आहे. काही ऑनलाइन स्पर्धांत प्रत्येक चालीसाठी एक किंवा अनेक दिवसांची मुदत असते. दहा जणांचा गट केला, की तुमचे नऊही डाव एकदमच सुरू होतात. शाळेतून आल्यावर तुम्ही नऊ पटांवर एकेक चाल करून अभ्यासाला बसू शकता. युरोपातल्या देशांच्या संघांची २०१० पासूनची ऑनलाइन स्पर्धाही गट पाडून साखळी पद्धतीनेच होते.

स्विस पद्धत

वेळ थोडा आणि खेळाडू पुष्कळ, अशा वेळी मधला मार्ग काढावा लागतो. १८९५ साली झुरिच येथील बुद्धिबळ स्पर्धेत तो वापरला गेला, म्हणून त्याचे नाव स्विस पद्धत. हिचे नियम दोनच : हरला तरी कोणी बाद होत नाही, आणि प्रत्येक फेरीत शक्यतो समान गुण असलेल्यांची जोडी लावायची, पण एकाच जोडीला पुन्हा खेळवायचे नाही.

आपले ६४ खेळाडू घ्या. पहिल्या फेरीनंतर ३२ जणांचा एक विजय आणि ३२ जणांचा शून्य. दुसरीनंतर १६ जणांचे दोन, ३२ जणांचा एक आणि १६ जणांचा शून्य. असेच पुढे गेले तर सहाव्या फेरीअखेर ६, ५, ४, ३, २, १, ० विजय मिळवणाऱ्यांची संख्या अनुक्रमे अशी येते :

१, ६, १५, २०, १५, ६, १

हे आकडे ओळखीचे वाटतात ना? पास्कलच्या त्रिकोणातली, म्हणजेच आपल्याकडच्या मेरुप्रस्तारातली ही ओळ आहे.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सहाही डाव जिंकणाऱ्याच्या दृष्टीने ही स्पर्धा बाद पद्धतीसारखीच झाली; तो अपराजितांशीच खेळत वर गेला. त्याच्याविषयीची आपली खात्री फारशी वाढली नाही. ती वाढवायची तर फेऱ्या वाढवाव्या लागतील. फायदा झाला तो इतरांचा. प्रत्येकाला एकाऐवजी सहा डाव मिळाले. सामने किती वाढले? फक्त १९२ झाले. समान विजय असलेल्यांत वरचा कोण, हे ठरवण्यासाठी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज पाहतात. ज्याने कठीण प्रतिस्पर्ध्यांशी झुंज दिली, तो वर.

मॅकमॅहॉन पद्धत

स्विस पद्धतीतही एक उणीव राहतेच. पहिल्या फेरीत सर्वांचे गुण शून्य, त्यामुळे ३ डानची गाठ १५ क्यूशी पडू शकते. असा डाव म्हणजे सोन्याच्या तराजूत पोते तोलण्यासारखे. निकाल आधीच ठाऊक असतो, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

यावर उपाय काढला अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे संगणकतज्ज्ञ ली मॅकमॅहॉन यांनी. ते स्वतः गो खेळत. त्यांची कल्पना साधी आहे : शून्यापासून आरंभ न करता, खेळाडूच्या पायरीनुसार त्याला आधीच गुण द्यायचे. समजा, १० क्यूला १० गुण दिले, तर ९ क्यूला ११ आणि ८ क्यूला १२. प्रत्येक विजयाला एक गुण. आता १० क्यूच्या मुलीने दोन डाव जिंकले, तर तिचे गुण १२ होतील. ८ क्यूचा एक खेळाडू दोन डाव हरला, तर त्याचेही १२ च राहतील. तिसऱ्या फेरीत या दोघांची गाठ! सर्वांत वरच्या गटातल्या साऱ्यांना मात्र सारखेच आरंभीचे गुण देतात, म्हणजे अजिंक्यपदासाठी त्यांच्यात समान चुरस होते.

या पद्धतीत बहुतेकांचे निम्मे डाव जिंकून होतात आणि निम्मे हरून. पाचपैकी दोन जिंकलात, तर निराश होऊ नका. तुमची पायरी योग्य लावली होती, एवढाच त्याचा अर्थ. पाचही जिंकलात, तर तुम्ही आता वरच्या पायरीचे झाला आहात.

नाव नोंदवण्यापूर्वी

आधी घड्याळाचा नियम वाचा. 'अर्धा तास, मग ३० सेकंदांच्या पाच ब्योयोमी' असे लिहिलेले असेल, तर अर्धा तास संपल्यावर प्रत्येक चाल ३० सेकंदांत करायची. मुदत उलटली की पाचांतली एक संधी गेली. पाचही गेल्या की डाव हरला. 'फिशर' घड्याळात प्रत्येक चालीनंतर ठरावीक सेकंद तुमच्या शिलकीत जमा होतात.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. २०१६ च्या मार्चमध्ये 'अल्फागो' या संगणकाने कोरियाचे श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल यांना ४–१ असे हरवले. आज तशा ताकदीचे प्रोग्राम घरच्या संगणकावरही चालतात. डाव संपल्यावर आपल्या चुका शोधण्यासाठी ते उत्तम शिक्षक आहेत. पण स्पर्धेचा डाव चालू असताना त्यांना चाल विचारली, तर ती फसवणूक होते. शिवाय मोजले जाते ते यंत्राचे सामर्थ्य, तुमचे नव्हे. तापमापी गरम पाण्यात बुडवून ताप किती आहे ते वैद्याला सांगण्यासारखेच हे आहे.

करून पाहा

दहा चिठ्ठ्या घ्या. सातांवर 'बलवान' आणि तिनांवर 'दुर्बळ' असे लिहा. आठ काल्पनिक खेळाडूंना १ ते ८ क्रमांक द्या. १ सर्वांत बलवान. जोड्या सोडत काढून लावा आणि प्रत्येक सामन्याला एक चिठ्ठी उचला. चिठ्ठीवर जे असेल, तो जिंकला. चिठ्ठी परत टाका. अशी बाद स्पर्धा तीस वेळा घ्या आणि क्रमांक १ किती वेळा जिंकतो ते लिहून ठेवा. गणित सांगते, सुमारे दहा वेळा. तुमचे उत्तर किती येते? ते दहाच्या जवळ आले नाही, तर आणखी तीस वेळा खेळा आणि काय फरक पडतो ते पाहा.