शोधसूची आणि वाचनाधिकार

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल इंग्रजी अमलात दीर्घकाळ अभ्यासकांस मुक्तपणे पाहावयास मिळत नसत. इनामे व वतने यांविषयीचे दावे त्या कागदांशी निगडित असल्याने सरकार सावध होते. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध झाले. तेथील नियंत्रण दारावरचे होते. रुमाल हाती आला नाही की मजकूरही कळत नसे.

संस्थेच्या अंतर्गत संगणकीय शोधयंत्रणेत स्थिती निराळी असते. शब्दवार सूची तयार करणारा प्रोग्राम सर्व कागद आधीच वाचतो. म्हणजे सर्वांचे रुमाल त्याने सोडून पाहिलेले असतात. म्हणून शोध घेणाऱ्यास त्या सूचीतील कोणता भाग दाखवावयाचा, हा खरा प्रश्न होय.

याचे मार्ग दोन. पहिल्यात प्रत्येक कागदासोबत त्याच्या अधिकृत वाचकांची यादी सूचीतच नोंदवितात. हा मार्ग जलद खरा. परंतु आज काढून घेतलेला अधिकार सूचीचे नूतनीकरण होईपर्यंत तसाच राहतो. दुसऱ्यात, सापडलेल्या प्रत्येक कागदाविषयी मूळ संग्रहास त्याच क्षणी विचारणा होते. येथे अचूकता आहे, पण विलंबही आहे. यास्तव पहिल्याने चाळून दुसऱ्याने पडताळणे श्रेयस्कर.

केवळ कागदास कुलूप लावून भागत नाही. शीर्षक, मजकुराचा उतारा, इतकेच नव्हे तर सापडलेल्या कागदांची संख्यादेखील गुपित फोडते. एखाद्याचे नाव टाकताच ‘एक कागद सापडला’ असे दिसले, तर कागद न उघडताही बरेच कळते. म्हणून गाळणी मोजणीच्या आधी हवी.

हा विषय भाषाभ्यासकास परका नाही. सोलापुरात मराठी, कन्नड व तेलुगू यांचा नित्य संपर्क आहे. येथे ध्वनिमुद्रण करताना निवेदक बोलण्याच्या ओघात घरचे तंटे, कर्ज, आजार यांविषयीही सांगून जातो. त्याची संमती उच्चारांच्या अभ्यासापुरती असते. लिप्यंतर सूचीत गेले की त्याचा प्रत्येक शब्द शोधण्याजोगा होतो. तथापि सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. दफ्तर बंद राहिल्याने इतिहासाभ्यासाची हानीच झाली. ध्वनिविशेष व व्याकरणरूपे सर्वांस खुली ठेवून नाव, गाव व खासगी वृत्तान्त मर्यादित वाचकांपुरते राखावेत. आणि ही विभागणी मुद्रणाच्या वेळीच, निवेदकास विचारून, नोंदवावी.