मोटारीचे पुढचे इंडिकेटर आणि पार्किंगचे दिवे : तारा बदलताना

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर रिक्षा, व्हॅन, पालकांच्या गाड्या आणि सायकली यांची एकच गर्दी होते. रस्ता ओलांडणारा पाचवी-सहावीतला मुलगा समोरची गाडी कोणीकडे वळणार हे ओळखतो ते तिच्या पुढच्या इंडिकेटरवरून. मागचा इंडिकेटर मागून येणाऱ्या वाहनासाठी असतो. पुढचा मात्र समोरच्यासाठी आणि पायी चालणाऱ्यासाठी. चालकाला आपल्या गाडीचा पुढचा दिवा बसल्या जागेवरून दिसत नाही. त्यामुळे तो बंद पडल्याचे सगळ्यांत शेवटी कळते ते त्यालाच.

बेळगाव-खानापूर भागातला पावसाळा आणि चोर्ला, आंबोली घाटांतले धुके यांची आपल्याला सवय आहे. आपल्या गाड्यांच्या तारांना मात्र ती होत नाही. बंपरमागच्या पोकळीत चिखलपाणी उडते, होल्डर गंजतात, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि दहा-पंधरा वर्षांत तारेचे वेष्टण कडक होऊन तडकते. अशा एका जुन्या गाडीच्या पुढच्या दिव्यांच्या तारा कार्यानुभवाच्या तासांना नव्याने ओढण्याचे काम आम्ही हाती घेतले. त्यात जे शिकता आले ते विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी येथे देत आहोत.

आधी विजेची वाट समजून घेऊ. घरात दिव्याकडे दोन तारा जातात. मोटारीत बहुधा एकच जाते; परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याचे एक टोकही कोठेतरी पत्र्यालाच जोडतात. यालाच गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. इंडिकेटरचा प्रवाह बॅटरीतून फ्यूज, किल्लीचा स्विच, फ्लॅशर आणि स्टिअरिंगजवळचा दांडा या क्रमाने जातो. तेथून त्याला डावी किंवा उजवी वाट मिळते. त्या बाजूचा पुढचा आणि मागचा बल्ब एकाच तारेवर समांतर जोडलेले असतात, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. पार्किंगच्या दिव्यांची वाट वेगळी. ती किल्लीवर अवलंबून नसते, कारण किल्ली काढून उभ्या केलेल्या गाडीचेही अस्तित्व अंधारात दिसावे लागते.

आता थोडे गणित. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, पार्किंगचा ५ वॅटचा आणि दाब १२ व्होल्ट. एका बाजूचे दोन इंडिकेटर मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. धोक्याचा इशारा देताना चारही एकदम लागतात तेव्हा ७ अँपिअर. म्हणून या वाटेवर १० अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि तार १ चौरस मिलिमीटरची घ्यावी. पार्किंगला त्याहून बारीक तारही चालते, पण धक्के आणि थरथर सोसायला आम्ही तेथेही तीच वापरली. पार्किंगचे चार दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डवरचे छोटे दिवे मिळून साधारण ३० वॅट धरले, तर अडीच अँपिअर होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने चौदा तासांत पूर्ण रिकामी होईल. गाडी सुरू होणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते. रात्रभर पार्किंगचे दिवे विसरलेली गाडी सकाळी का ढकलावी लागते, त्याचे हे उत्तर.

या कामात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. काही गाड्यांत पुढे एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात, एक २१ वॅटचा आणि एक ५ वॅटचा. दोन्हींची परतीची वाट एकच, होल्डरच्या धातूतून पत्र्याकडे. ती गंजून तुटली की काय होते पाहा. पार्किंग चालू केले की ५ वॅटच्या तंतूतून आलेल्या प्रवाहाला पत्रा सापडत नाही. मग तो २१ वॅटच्या तंतूतून उलटा, इंडिकेटरच्या तारेत शिरतो, त्याच बाजूच्या मागच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तेथून पत्रा गाठतो. २१ वॅटच्या तंतूंचा विरोध कमी असल्यामुळे ते पेटत नाहीत, आणि पुढचे पार्किंग जवळजवळ नेहमीसारखे लागते. पाहणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. आता त्या बाजूचा इंडिकेटर लावा. इंडिकेटरच्या तारेत १२ व्होल्ट आले की बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट होतात. दोन टोकांत फरकच उरला नाही म्हणजे प्रवाह थांबतो आणि पार्किंग विझते. मागचा इंडिकेटर पेटतो तेव्हा पुढचा दिवा विझतो, मागचा विझतो तेव्हा पुढचा पेटतो! ही उलटी उघडझाप दिसली की बल्ब बदलण्यात पैसे घालू नयेत. पत्र्याचा जोड शोधावा. नववी-दहावीच्या मुलांनी ही आकृती वहीत काढून पाहावी. मालिका आणि समांतर जोडणी तिच्यात एकाच वेळी भेटतात.

अर्थिंग पूर्ण तुटले नाही, नुसते गंजले, तरी नुकसान होते. २१ वॅटच्या पेटलेल्या बल्बचा विरोध सुमारे ७ ओहम असतो. गंजाने त्यात २ ओहमची भर घातली, तर बल्बला जेमतेम १२ वॅट मिळतात, आणि प्रकाश त्याहूनही जास्त घटतो, कारण तंतू पुरेसा तापत नाही. दिवसा उन्हात असा इंडिकेटर लागला काय आणि न लागला काय.

प्रत्यक्ष काम करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. यामागे कारण आहे. धन टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला आणि ऋण अजून जोडलेले असेल, तर पूर्ण बॅटरीचा प्रवाह पान्यातून धावतो. ऋण आधी सुटलेले असेल तर काहीच होत नाही. त्यानंतर जुनी तार कापण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टीची खूण लावावी. तारांचे रंग प्रत्येक कंपनीत निराळे असतात, त्यामुळे शेजारच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

नवी तार मूळ वाटेनेच न्यावी, पण रेडिएटरचा पंखा आणि गरम नळ्या यांच्यापासून दूर ठेवावी. जेथे ती पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी ग्रोमेट हवेच. पत्र्याची धार काही महिन्यांत वेष्टण कापते. नुसते पिळून वर टेप गुंडाळलेला जोड आम्हाला अजिबात मान्य नाही, मग तो कितीही घाईचा असो. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि पावसात पाणी आत जाते. जोड दाबपकडीने लग लावून करावा किंवा कथलाने डाग देऊन त्यावर आकसणारी नळी चढवावी. अर्थिंगसाठी गोल लग घ्यावा, पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, दात असलेल्या वॉशरसह स्क्रू आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. आम्ही दोन्ही पुढच्या दिव्यांना अर्थिंगची स्वतंत्र तार दिली. खर्च नगण्य, आणि पुढचा बराच त्रास वाचतो.

दोन तंतूंच्या बल्बच्या बुडाला असलेल्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात. तो उलटा बसू नये म्हणून केलेली ही सोय आहे. काही जण खुंटी घासून बल्ब दामटून बसवतात. मग पार्किंगला २१ वॅट जळतात आणि इंडिकेटर ५ वॅटवर मिणमिणतो. काचेमागे लावायच्या बल्बचा रंगही मूळचाच ठेवावा. इंडिकेटर नारिंगीच दिसला पाहिजे.

फ्लॅशरबद्दल थोडक्यात. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा असावी. घड्याळ लावून मोजता येते. जुन्या, उष्णतेवर चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये एक बल्ब गेला की प्रवाह कमी पडून उघडझाप मंदावते किंवा थांबते. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये ती मुद्दाम जवळजवळ दुप्पट वेगाने होते, चालकाला कळावे म्हणून. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावल्यावर टिकटिक अकारण घाईची होते त्याचे मूळ येथेच: एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की फ्लॅशरला बल्ब गेला असेच वाटते.

एक सूचना पालकांसाठी. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पिवळ्या आवरणातल्या तारांना घरी हात लावू नये. ज्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय पेटीतून होते, तेथे टेस्ट लॅम्प खुपसून वीज शोधणेही महाग पडू शकते. ते काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. तपासणी मात्र कोणालाही करता येते. संध्याकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करावी, आधी पार्किंग, मग डावा, उजवा आणि शेवटी चारही इंडिकेटर लावावेत आणि पार्किंग चालू असताना इंडिकेटर लावून पुन्हा पाहावे. भिंतीवरचा प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा पडतो का, हे चालकाला जागेवरूनच दिसते.