ज्यू अध्ययन म्हणजे धर्मशिक्षण नव्हे

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या सरकारी विद्यापीठांत ‘ज्यूइश स्टडीज’ नावाचा विभाग, केंद्र किंवा निदान अभ्यासक्रम असतो. त्याच आवाराला लागून बहुधा ‘हिलेल’ या ज्यू विद्यार्थी संस्थेची इमारत असते आणि तिथे शुक्रवारी संध्याकाळी ज्यू विद्यार्थी प्रार्थनेला आणि जेवायला जमतात. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात आणि गैरसमजांना तिथून सुरुवात होते. करदात्यांच्या पैशातून एका समाजाला धर्मशिक्षण मिळते, हा विषय ज्यूंनी ज्यूंसाठीच चालवलेला असतो, तिथे इस्रायलची बाजू पढवली जाते, ज्यू विद्यार्थी सगळे एका मताचे असतात, अशी ती मालिका आहे. वर्गात होणारा अभ्यास आणि वर्गाबाहेर पाळला जाणारा धर्म यांच्यामध्ये अमेरिकी कायद्याने एक रेघ आखली आहे. ती नजरेआड केल्यामुळेच यातले बहुतेक गैरसमज उभे राहतात, असे माझे मत आहे.

त्या रेघेचा इतिहास बराचसा एकाच ठिकाणी घडला. इलिनॉय राज्यातली अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी गावे म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचे ठिकाण. तिथे 1923 मध्ये बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, ज्यू विद्यार्थ्यांसाठी पहिले हिलेल सुरू केले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत एडवर्ड चॉन्सी बाल्डविन हे ख्रिस्ती प्राध्यापक होते. बायबलचे साहित्य शिकवताना त्यांच्या लक्षात आले होते, की वर्गातल्या ज्यू मुलांना स्वतःच्याच परंपरेची फारशी ओळख नाही. पुढच्या वर्षी ‘बनाय ब्रिथ’ या ज्यू संघटनेने ते काम आपल्याकडे घेतले. हिलेल तेव्हाही विद्यापीठाचा विभाग नव्हते आणि आजही नाही. आज शेकडो विद्यापीठांत पसरलेली ही संस्था देणग्यांवर चालते आणि तिचे रब्बाय विद्यापीठाचे पगारदार नसतात.

याच शॅम्पेनच्या सरकारी शाळांत 1940 पासून धर्मशिक्षक येऊन शाळेच्या वेळेत तास घेऊ लागले. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू प्रतिनिधींनी मिळून ही योजना आखली होती, म्हणजे कोणा एका धर्माचा वरचष्मा नको याची काळजी घेतली गेली होती. तरीही व्हॅश्टी मॅक्कॉलम या एका विद्यार्थ्याच्या आईने तिला आव्हान दिले आणि 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली. सरकारी शाळेची जागा आणि शाळेची सक्ती धर्मप्रसाराच्या कामी लावता येणार नाही, मग तो प्रसार तिन्ही गटांनी वाटून घेतलेला का असेना. पुढे 1963 मध्ये ‘अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेंप’ या खटल्यात न्यायालयाने सरकारी शाळांतले बायबलचे भक्तिपर वाचन बंद केले. त्याच निकालात मात्र हेही स्पष्ट केले, की बायबलचा किंवा धर्माचा साहित्य आणि इतिहास म्हणून केलेला अभ्यास घटनेला पूर्ण मान्य आहे. सरकारी विद्यापीठांत धर्म अभ्यासाचे विभाग वाढले ते या आधारावर. 1969 मध्ये ‘असोसिएशन फॉर ज्यूइश स्टडीज’ ही अभ्यासकांची संघटना स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकात अनेक राज्यांच्या विद्यापीठांत या विषयाने बस्तान बसवले. ज्यू अध्ययन सरकारी विद्यापीठात आले ते धर्मनिरपेक्षतेला वळसा घालून नव्हे, तर तिने दिलेल्या जागेवर.

हा युक्तिवाद भारतीय वाचकाला परका वाटू नये. आपल्या घटनेचे अनुच्छेद 28 पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण देऊ देत नाही. पण अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाविषयीच्या 1971 च्या निकालात आणि पुढे 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांत फरक केला.

वर्गात हा फरक कसा दिसतो, ते बघू. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीच्या निर्मितीची कथा दोनदा येते. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग प्राणी, शेवटी स्त्री-पुरुष एकत्र. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी आणि शेवटी स्त्री. देवाचा उल्लेखही दोन्हीकडे वेगळ्या नावाने होतो. येशिवात, म्हणजे पारंपरिक ज्यू पाठशाळेत, ही विसंगती मुळात ईश्वरी वचनाचा भाग मानली जाते आणि टीकाकारांच्या साहाय्याने तिचा मेळ घातला जातो. विद्यापीठात प्रश्न वेगळे असतात: हे दोन वेगळ्या काळांतले, वेगळ्या लेखकांचे मजकूर असतील का? ते एकत्र कोणी आणि का गुंफले? आणि मध्ययुगातल्या राशीसारख्या भाष्यकाराला हीच अडचण दिसली तेव्हा त्याने काय केले? म्हणजे येशिवातली उत्तरेसुद्धा इथे अभ्यासाची सामग्री होतात. विद्यार्थी श्रद्धाळू आहे की नाही याला गुण नाहीत; गुण आहेत ते मजकूर नीट वाचल्याचे.

यावर कोणी म्हणेल, की शिकवणारे बहुतेक ज्यू आणि शिकणारेही ज्यू, मग रेघ कागदावरच राहिली. पण सरकारी विद्यापीठ वर्गात प्रवेश देताना धर्म विचारू शकत नाही आणि अनेक विद्यापीठांत या वर्गांतल्या मुलांचा मोठा भाग ज्यू नसतो. उलट बाजूचा पुरावा मला अधिक बोलका वाटतो. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज ही तिथली सरकारी, 1976 पर्यंत विनाशुल्क असलेली संस्था. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हार्वर्डसारखी खासगी विद्यापीठे ज्यू मुलांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे मार्ग शोधत होती, तेव्हा स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुले इथे आली. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क त्यांतलेच. 1930 च्या सुमाराला इथले बहुसंख्य विद्यार्थी ज्यू होते, पण ज्यू अध्ययनाचा विभाग नव्हता. मुले रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकत होती. 1947 मध्ये नाझींमुळे युरोप सोडावा लागलेले भाषाशास्त्रज्ञ मॅक्स वाइनराइख इथे यिद्दिश शिकवू लागले, तेव्हा कुठे या वारशाला अभ्यासक्रमात जागा मिळाली. ज्यू विद्यार्थ्यांचा भरणा असला म्हणून विषय आपोआप उभा राहत नाही. तो उभा राहायला अभ्यासक, भाषा आणि कागदपत्रे लागतात.

भाषांचा मुद्दा आला की ‘ज्यू अध्ययन म्हणजे हिब्रू, हिटलर आणि इस्रायल’ हा समज टिकत नाही. हिब्रू आहेच, पण तालमूद या धर्मग्रंथासाठी अरामी लागते, पूर्व युरोपच्या इतिहासासाठी यिद्दिश आणि ऑटोमन साम्राज्यातल्या ज्यूंसाठी लादिनो. सिएटलमध्ये ऱ्होड्स बेटावरून आणि तुर्कस्तानातून आलेल्या कुटुंबांची जुनी वस्ती असल्यामुळे तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने लादिनोतली पत्रे आणि पुस्तके जमवून त्यांच्या डिजिटल प्रती केल्या. कैरोतल्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीत सापडलेले ‘गेनिझा’ कागदांतले बरेच हिब्रू लिपीतल्या अरबीत आहेत आणि त्यांतून अब्राहम बेन यिजू हा बाराव्या शतकातला व्यापारी कळतो. तो मंगळुरूला राहून पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता. 1132 मध्ये त्याने आशू नावाच्या तिथल्या दासीला मुक्त केल्याचा दस्तऐवजही मिळाला आहे.

आणि मराठी? बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेमिटिक भाषा शिकवणारे वॉल्टर फिशेल यांनी भारतातल्या ज्यूंवर बरेच लिहिले. त्यांनी 1968 मध्ये एका पुस्तकाची जशीच्या तशी प्रतिकृती छापून आणली. ते होते 1874 मध्ये पुण्यात छापलेले बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, हग्गादा; पेसाखच्या सणाच्या रात्री मिसर देशातून सुटल्याची कथा सांगताना वाचायचे पुस्तक. त्यात हिब्रू मजकुरासोबत मराठी आहे आणि चित्रात साडी नेसलेल्या स्त्रिया पेसाखची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. वर्गात हे पान समोर ठेवले तर प्रश्नांना तोटा नाही. ही मराठी कोकणातल्या घरांची, की मिशनऱ्यांच्या छापखान्यांनी रुळवलेली? युरोपातल्या हग्गादांच्या चित्रांचा नमुना घेऊन पोशाख कुठे बदलला? या पानाचा निम्मा मजकूर हिब्रू जाणणाऱ्या रब्बायला वाचता येणार नाही आणि अलिबागहून शिकायला गेलेल्या हिंदू किंवा मुसलमान मुलीला सहज वाचता येईल. हा विषय ज्यूंसाठीच आहे असे म्हणणाऱ्यांना माझ्या मते एवढे उत्तर पुरे. शर्ली आयझेनबर्ग यांचा बेने इस्रायलांवरचा ग्रंथ 1988 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने आणि बर्कलेच्या मॅग्नेस संग्रहालयाने काढला आणि त्या संग्रहालयाचा संग्रह 2010 पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यात आहे. ज्यूंचे प्रमाण अमेरिकेच्या प्रौढ लोकसंख्येत जेमतेम 2.4 टक्के आहे, मग एवढा पसारा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा पसारा कोणत्या कोणत्या देशांच्या इतिहासात शिरतो तेही पाहावे.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या विषयातली पुष्कळ अध्यासने देणग्यांवर उभी आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठात इस्रायल अभ्यासाच्या अध्यासनासाठी 50 लाख डॉलरची देणगी आली होती. ते पद भूषवणाऱ्या प्राध्यापिकेने 2021 मध्ये इस्रायलवर टीका करणाऱ्या निवेदनावर सही केली, तेव्हा देणगीदार नाराज झाल्या आणि 2022 मध्ये विद्यापीठाने ती रक्कम परत केली. अध्यासनाची देणगी गेली, प्राध्यापिकेची नोकरी राहिली. या घटनेतून दोन्ही गोष्टी दिसतात: देणगीदार दबाव आणू शकतात, आणि प्राध्यापकाच्या लिहिण्या-बोलण्यावर त्यांची मालकी नसते. विद्यापीठाने पैसे परत करायला नको होते, असे मला ठामपणे वाटते. त्यामुळे पुढच्या प्राध्यापकाला सही करण्याआधी दहादा विचार करावा लागेल. पण ही विभागाची पढवणूक नव्हे. पढवणूकच असती तर असा वाद उद्भवलाच नसता.

आता रेघेची दुसरी बाजू, म्हणजे विद्यार्थ्यांचे रोजचे जगणे. सरकारी विद्यापीठात धर्माला जागा नाही, म्हणून धार्मिक गटांनाही थारा नसावा, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये ठरवले, की विद्यापीठ आपल्या खोल्या विद्यार्थी गटांना वापरू देत असेल तर धार्मिक गटाला अडवता येणार नाही. 1995 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या खटल्यात हेच तत्त्व विद्यार्थी शुल्कातून मिळणाऱ्या मदतीला लागू झाले. दोन्ही खटले ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे होते आणि त्यांचा लाभ ज्यू, मुसलमान, हिंदू अशा सगळ्या गटांना मिळाला. अडचणी येतात त्या वेळापत्रकाच्या. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर आहे, 19 वर्षांत सात अधिक महिने धरते. त्यामुळे रोश हशाना (नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात, म्हणजे ऐन सत्र सुरू असताना. योम किप्पूरला सुमारे 25 तासांचा निर्जळी उपास असतो. शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, पाळणारा विद्यार्थी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत लिहीत नाही, म्हणजे शनिवारची परीक्षा त्याला देता येत नाही. त्याने दुसरी तारीख मागणे ही सवलतीची खैरात नाही; हीच मागणी ईदसाठी किंवा दिवाळीसाठी करणाऱ्यालाही तोच निकष लागतो.

हे सगळे पाळणारे मात्र ज्यू विद्यार्थ्यांपैकी काहीच. प्यू संस्थेच्या 2020 च्या पाहणीत 27 टक्के ज्यू प्रौढांनी आपला कोणताच धर्म नाही असे सांगितले. घराणे, संस्कृती यांच्या नात्याने ते स्वतःला ज्यू म्हणवतात. धर्म पाळणाऱ्यांतही एकवाक्यता नाही: पेसाखच्या आठ दिवसांत पूर्व युरोपीय परंपरेतल्या अनेकांना भात चालत नाही, मध्यपूर्वेकडच्या पुष्कळांना चालतो. इस्रायलबद्दल तर मतभेद उघड आहेत. हिलेलच्या नियमांनुसार इस्रायलवर बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्यांना तिथे व्यासपीठ मिळत नाही. त्याला विरोध म्हणून 2012 पासून ज्यू विद्यार्थ्यांनीच ‘ओपन हिलेल’ ही मोहीम चालवली. गाझा युद्धाविरुद्ध 2024 मध्ये निदर्शकांनी विद्यापीठांत तंबू ठोकले, त्यांतही ज्यू मुले होती. त्याच वेळी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काही ज्यू विद्यार्थ्यांना आवाराच्या काही भागांत जाण्यापासून अडवले गेल्याची तक्रार न्यायालयात गेली. ज्यू विद्यार्थ्यांना जिथे मज्जाव होतो, असा कोणताही उपक्रम किंवा आवाराचा भाग विद्यापीठाला जाणूनबुजून चालू ठेवता येणार नाही, असा अंतरिम आदेश ऑगस्टमध्ये निघाला. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात धर्माचा उल्लेख नाही, वंश, वर्ण आणि मूळ राष्ट्रीयत्वाचा आहे. सामाईक वंशपरंपरेच्या आधारे ज्यू विद्यार्थ्यांना त्याचे संरक्षण मिळते. त्यामुळे ज्याला अडवले तो शब्बाथ पाळतो का किंवा इस्रायलबद्दल त्याचे मत काय, हे विचारायचा अधिकार विद्यापीठाला नाही. आणि युद्धाविरुद्ध घोषणा देणाऱ्या ज्यू विद्यार्थिनीला, ती हिलेलमध्ये जात नाही म्हणून कमी ज्यू ठरवण्याचाही नाही.