विश्लेषण : विकत घेतलेली सॉफ्टवेअर जोडायची की एकच संच घ्यायचा?

एखादी कंपनी पगारासाठी एका विक्रेत्याचे सॉफ्टवेअर वापरते आणि ग्राहकसेवेसाठी दुसऱ्याचे. पुढे तिसरीच कंपनी या दोन्ही विक्रेत्यांना विकत घेते. आता बिल एकाच नावाने येते; पण दोन्ही सॉफ्टवेअरमधील माहिती जुळते का? ओरॅकलच्या ग्राहकांपुढे २००५ नंतर हाच प्रश्न उभा राहिला.

नेमके काय घडले?

ओरॅकलने जून २००३ मध्ये पीपलसॉफ्टसाठी बोली लावली. पीपलसॉफ्टच्या संचालकांचा विरोध आणि अमेरिकेच्या न्याय विभागाचा खटला यांतून वाट काढत सुमारे १०.३ अब्ज डॉलरचा हा व्यवहार जानेवारी २००५ मध्ये पूर्ण झाला. पीपलसॉफ्टने आधीच घेतलेली जेडी एडवर्ड्सही त्यासोबत आली. २००६ च्या सुरुवातीला सीबेलची भर पडली. ओरॅकलचा स्वतःचा ई-बिझनेस सूट होताच.

जोडणी अवघड का असते?

मालक बदलला तरी सॉफ्टवेअरची आतली रचना बदलत नाही. विक्री विभागासाठी ‘ग्राहक’ म्हणजे ज्याच्याशी सौदा चालू आहे तो; हिशेब विभागासाठी ज्याच्या नावे बिल निघते तो. एकाच कारखान्याची दोन क्रमांकांनी नोंद होते. पत्ता एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो आणि माल एका ठिकाणी तर बिल भलतीकडेच पोहोचते.

शिवाय प्रत्येक प्रणाली दुसरीशी थेट जोडायची, तर ५ प्रणालींसाठी १० दुवे लागतात, १० प्रणालींसाठी ४५. एका प्रणालीची आवृत्ती बदलली की तिचे सारे दुवे पुन्हा तपासावे लागतात. ‘मिडलवेअर’ हा मधला थर घातला तर दुवे कमी होतात. मात्र ‘ग्राहक’ कोणाला म्हणायचे, हे तो थर ठरवत नाही. ते कंपनीलाच ठरवावे लागते.

ओरॅकलने काय केले?

सर्व उत्पादनांतील चांगले गुण घेऊन नवा संच बांधण्याचा ‘फ्यूजन’ प्रकल्प कंपनीने २००५ मध्येच जाहीर केला. पण जुने सॉफ्टवेअर सोडायला लावतील, ही ग्राहकांची धास्ती होती. म्हणून २००६ मध्ये ‘ॲप्लिकेशन्स अनलिमिटेड’ धोरणाखाली जुन्या उत्पादनांचा विकास चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले. फ्यूजन ॲप्लिकेशन्स सर्वांसाठी खुली व्हायला २०११ उजाडले.

मग एकच संच बरा?

जर्मनीच्या सॅपने १९९२ मध्ये आणलेल्या आर/३ ची ताकद तीच होती. माहितीसाठा एकच असल्याने माल गोदामात आला की साठा आणि हिशेब दोन्हींत नोंद होते. त्याची किंमतही आहे : प्रत्येक विभागाला संचाच्या पद्धतीशी जुळवून घ्यावे लागते आणि सारी मदार एकाच विक्रेत्यावर राहते. पुढे सॅपनेही २०१२ मध्ये सक्सेसफॅक्टर्स व अरिबा आणि २०१४ मध्ये कॉन्कर विकत घेतली. म्हणजे ‘एक संच’ या नावाखालीही जोडकाम असू शकते.

ग्राहकाने काय विचारावे?

माहितीसाठा खरोखर एक आहे की फक्त पडदा सारखा दिसतो? ग्राहक, माल आणि कर्मचारी यांची मूळ नोंद कुठे राहते? आवृत्ती बदलल्यावर जोडणी तुटली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? जिथे पगार, हिशेब आणि साठा रोज एकमेकांवर अवलंबून असतात, तिथे एक संच फायद्याचा ठरतो. एखाद्या विभागाचे काम अगदी वेगळे असेल, तर त्याला स्वतंत्र सॉफ्टवेअर देऊन जोडणीचा खर्च सोसणे परवडते. तो खर्च मात्र खरेदीपूर्वीच अंदाजपत्रकात धरायला हवा.