सायलेन्सर बदलला, मग जेट का बदलायचा?

किर्लोस्करवाडी हे १९१० साली वसलेले कारखान्याचे गाव आपल्या पलूस तालुक्यातच आहे. त्यामुळे पंप, झडप, सक्शन हे शब्द इकडच्या शाळकरी मुलांनाही परके नाहीत. याच मुलांना मोटारसायकलचेही वेड असते. कोणाचा तरी थोरला भाऊ जुन्या गाडीचा सायलेन्सर काढून मोकळ्या नळीचा बसवतो आणि एअर फिल्टरही बदलतो. आवाज वाढतो, म्हणजे ताकदही वाढली, असे सर्वांना वाटते. पण थोड्याच दिवसांत इंजिन जास्त तापू लागते. ॲक्सिलरेटर सोडला की नळीतून फटाफट बार निघतात. मेकॅनिक सांगतो, "आता जेट बदलावा लागेल." असे का व्हावे? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दडलेले आहे.

एका लिटरला नऊ हजार लिटर

पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्टेन हा पेट्रोलसारखाच पदार्थ घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू असतात. म्हणून रेणुभार ११४. एका रेणूच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू, म्हणजे वजनाने ४०० भाग लागतात. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून हवा लागेल सुमारे १,७२४ भाग. १,७२४ ला ११४ ने भागले की उत्तर येते १५.१. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने त्याच्यासाठी हा आकडा सुमारे १४.७ धरतात. याचा अर्थ, एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ ९,००० लिटर हवा हवी!

पेट्रोल यापेक्षा कमी पडले तर मेकॅनिक मिश्रणाला 'लीन' म्हणतात, जास्त झाले तर 'रिच'. रिच मिश्रणात पेट्रोल वाया जाते, काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लीन मिश्रण अधिक धोक्याचे. पूर्ण भार असताना ते इंजिन तापवते, ठोके पडू लागतात आणि शेवटी पिस्टनला इजा होते.

पेट्रोल ओढले जात नाही, ढकलले जाते

हे प्रमाण सांभाळण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर करतो. त्यातून जाणाऱ्या हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली याने १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व ते हेच. खालच्या कपातील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. हा दाब पेट्रोलला जेटच्या बारीक भोकातून वर ढकलतो. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपमध्ये पाणी चढते तेही असेच.

हवेचा वेग दुप्पट झाला तर दाबातील घट चौपट होते. पण भोकातून येणारे पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेही दुप्पटच! म्हणजे हवा वाढली की पेट्रोल आपोआप वाढते. मग मिश्रण लीन का झाले?

फिल्टरचा हिशेब

गोम फिल्टरमध्ये आहे. हवा फिल्टरमधून गाळून येताना तिचा दाब थोडा घटतो. ही घट अरुंद जागेतील घटीत मिळते आणि पेट्रोल ढकलायला मदत करते. कंपनीने जेटचे भोक ठरवताना ही मदत हिशेबात धरलेली असते.

समजा, हवेचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. हवेची घनता १.२ धरली तर दाबातील घट = अर्धा × १.२ × ६० चा वर्ग = २,१६० पास्कल. हा दाब सुमारे २२ सें.मी. पाण्याच्या स्तंभाएवढा झाला. मूळ फिल्टरची घट २ सें.मी. मानली, तर एकूण २४. फिल्टर अगदी मोकळा केला की उरले २२. हवेचा वेग तोच असला, तरी पेट्रोल २२/२४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडे अधिक घटले. १४.७ चे प्रमाण १५.४ च्या आसपास गेले.

सायलेन्सरची गोष्ट जरा वेगळी आहे. मोकळ्या नळीतून जळलेला वायू लवकर बाहेर पडला, तर सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणाला जागा मिळते. पण वायू एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. त्या दाबलहरी नळीच्या टोकावरून परततात. नळीची लांबी व आकार यांवरून त्या काही वेगांना मदत करतात, काही वेगांना अडवतात. म्हणून आवाज वाढला तरी एखाद्या वेगाला ताकद घटलेलीही असू शकते. आवाज म्हणजे ताकद नव्हे.

जेट किती मोठा?

भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. व्यास १.०० वरून १.०२५ मि.मी. केला, की क्षेत्रफळ ५ टक्के वाढते. वरची तूट भरून निघाली! काही कंपन्या जेटवर व्यासाचाच आकडा घालतात. त्यांच्या भाषेत १०० नंबर काढून १०२.५ बसवायचा. फार मोठा जेट लागत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

साध्या सरकत्या झडपेच्या कार्ब्युरेटरमध्ये मेन जेटचा अंमल मुख्यतः थ्रॉटल पाऊण ते पूर्ण उघडल्यावर असतो. पाव ते पाऊण उघडझाप निमुळती सुई सांभाळते. तिची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. गाडी मंद चालते तेव्हा पायलट जेट काम करतो. म्हणून कुशल मेकॅनिक आधी दोष कोणत्या टप्प्यात आहे ते पाहतो, एका वेळी एकच बदल करतो, आणि स्पार्क प्लग तपासतो. प्लग फिका तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर लीन, काळा असेल तर रिच. शिसेविरहित पेट्रोलमुळे हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा ६ च्या नियमांमुळे नव्या मोटारसायकलींत बहुधा जेटच्या जागी संगणकाने चालणारे इंजेक्शन असते. धूरनळीतील ऑक्सिजनचा संवेदक मिश्रण तपासून काही प्रमाणात दुरुस्ती करतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र संगणक सहसा साठवलेल्या आकड्यांवरच चालतो, आणि ते आकडे मूळ फिल्टर व सायलेन्सर गृहीत धरूनच भरलेले असतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात मनमानी फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. कर्कश सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी ते रोडरोलरखाली चिरडल्याचे महाराष्ट्रातील अनेक शहरांत घडले आहे. शिवाय उसाच्या गाड्यांनी उडालेली धूळ गाळायला फिल्टर नसला, तर ती सिलिंडर घासून काढते, ते वेगळेच.

करून पाहा

दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. तळाजवळ एकीला २ मि.मी. व दुसरीला ४ मि.मी. व्यासाचे भोक पाडा. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा, झाकणे उघडी ठेवा आणि पाण्याची पातळी एका खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला लागणारा वेळ मोजा. व्यास दुप्पट, पण वेळ सुमारे चौथाई! एवढ्याशा जेटला एवढे महत्त्व का, हे तेव्हा डोळ्यांनी दिसेल.