शनिवार, दुपारी तीन

२६ मे १९९९. बार्सिलोनात संध्याकाळ, आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वाबारा. युरोपियन चषकाचा अंतिम सामना. बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटाला गोल केला आणि नव्वद मिनिटं संपत आली तरी मँचेस्टर युनायटेडला काही सुचत नव्हतं. मग भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅम आणि पाठोपाठ सोल्स्कियार. घरातले झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. मी उशी तोंडात धरून ओरडलो. पुण्यातल्या एका मुलाने त्या रात्री सातासमुद्रापारचा एक क्लब आपला म्हणून टाकला. त्या क्लबाचं गाव कसं आहे, तिथे कोण राहतं, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

सहाच वर्षांनी, त्या रात्री प्रत्यक्ष त्या मैदानात असलेल्यांपैकीही काही जणांनी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची पायरी चढणं सोडलं. संघ हरतोय म्हणून सोडलं असतं तर समजलं असतं. पण हे लोक दुसरी डिव्हिजन पाहिलेले, बापाच्या खांद्यावर बसून सामने बघायला शिकलेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. त्यांचा रुसवा खेळावर नव्हता. मग कशावर होता, हे शोधत गेलो आणि गोष्ट थेट रेल्वेच्या कारखान्यात जाऊन पोचली.

१८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी संघ काढला. रंग हिरवा आणि सोनेरी. १९०२ मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या दारूभट्टीवाल्याने तो वाचवला आणि त्याला आजचं नाव मिळालं. सामने शनिवारी दुपारी तीनला. ही वेळ कुणा व्यवस्थापकाने ठरवलेली नव्हती. १८५०च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत बायका आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं आणि बाकीची गिरणीही मग त्यांच्यामागे थांबायला लागली. दोनला भोंगा, तीनला सामना. लालबाग-परळमध्ये भोंग्यावर घड्याळ लावलेल्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

त्या काळी फुटबॉलमधून पैसा काढता येऊ नये अशीही तजवीज होती. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा चौतिसावा नियम सांगत असे की क्लबने लाभांश ठरावीक मर्यादेतच द्यावा, संचालकांनी पगार घेऊ नये आणि क्लब गुंडाळलाच तर उरलेली मालमत्ता खेळासाठी किंवा धर्मादाय कामासाठी जावी. म्हणजे मालक होता, पण तो विश्वस्तासारखा. गावच्या देवळाचा पुजारी घंटा वाजवतो, घंटा विकत नाही, तसं. १९८३ मध्ये टॉटनहॅमने वर एक मुख्य कंपनी उभी करून तिचे शेअर बाजारात आणले. नियम क्लबला लागू होता, कंपनीला नव्हता. असोसिएशनने ते चालवून घेतलं. माझ्या मते आधुनिक फुटबॉलची तारीख काढायची तर ती ही. प्रीमियर लीग नऊ वर्षांनी आली, तोवर दार उघडं पडलेलं होतं.

मँचेस्टरला मात्र आधी एक फार्स घडायचा होता. ऑगस्ट १९८९ मध्ये मायकेल नाइटन नावाचे गृहस्थ दोन कोटी पौंडांत क्लब घ्यायला निघाले. आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी ते संघाच्या कपड्यांत मैदानात उतरले, चेंडू पायावर, डोक्यावर खेळवला, गोलमध्ये मारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौदा पुढे फिसकटला. नंतरच्या वर्षांत त्या दृश्याची खूप टिंगल झाली, पण मला त्या टाळ्या महत्त्वाच्या वाटतात. आपला क्लब विकला जातोय हे डोळ्यांसमोर दिसत होतं आणि बघणारे खूश होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे त्यात गेले. टेलर अहवालानंतर मोठ्या मैदानांतले उभं राहण्याचे स्टँड गेले आणि खुर्च्या आल्या. हे व्हायलाच हवं होतं. पण तिकिटं महागली, आणि उभे राहणारे जे पोरसवदा लोक होते ते हळूहळू बाहेर राहिले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि पहिल्या पाच वर्षांच्या टीव्ही कराराची रक्कम ३० कोटी ४० लाख पौंड सांगितली गेली. सामने रविवारी गेले, सोमवारी रात्री गेले. लांबच्या गावी सोमवारी रात्रीचा सामना म्हणजे मंगळवारची रजा.

मँचेस्टर युनायटेड १९९१ मध्येच शेअर बाजारात उतरला होता. १९९८ च्या सप्टेंबरात माध्यमसम्राट मर्डॉकच्या बीस्कायबी या टीव्ही कंपनीने ६२ कोटी ३० लाख पौंडांची बोली लावली. संचालक राजी होते. उठले ते पाठीराखे. त्यांनी मक्तेदारी आयोगापुढे कागदपत्रं मांडली, खासदारांच्या मागे लागले, स्वतः एकेक दोन-दोन शेअर घेतले, आणि एप्रिल १९९९ मध्ये सरकारने सौदा अडवला. म्हणजे माझ्या त्या मध्यरात्रीच्या दीडेक महिना आधी या लोकांनी मर्डॉकला हरवलं होतं. मला सोल्स्कियारचा गोल ठाऊक होता, हा विजय ठाऊक नव्हता.

दुसऱ्यांदा नशिबाने साथ दिली नाही. १२ मे २००५ रोजी फ्लोरिडातल्या टँपा बे बकनीअर्स संघाचे मालक माल्कम ग्लेझर यांनी दोन आयरिश गुंतवणूकदारांचा मोठा हिस्सा उचलला आणि क्लब त्यांच्या हाती गेला. एकूण व्यवहार सुमारे ७९ कोटी पौंडांचा, त्यातले साडेबावन्न कोटींच्या आसपास उसने. कर्ज नसलेल्या क्लबवर बघता बघता डोंगर उभा राहिला. कुणी वाडा विकत घ्यावा, पैसे त्याच वाड्यावर कर्ज काढून द्यावेत आणि हप्त्यांसाठी बिऱ्हाडांचं भाडं वाढवावं, तसं हे होतं. यात बेकायदा काही नव्हतं, आणि खरा डंख तिथेच होता. क्लबवर न चढवलेलं, उरलेलं महागडं कर्ज कुटुंबाने आपल्या हिश्श्यापोटी घेतलं होतं. २०१० मध्ये त्याचा व्याजदर सव्वासोळा टक्क्यांवर पोचला. इकडे तिकिटं चढत गेली. पुढे तर हंगामी पास हवा असेल तर कप सामन्यांची तिकिटंही घ्यायचीच, अशी सक्ती आली.

नवा क्लब काढायचा विषय मँचेस्टरच्या रशोम भागातल्या एका करीच्या हॉटेलात निघाला असं सांगतात. नाव ठरलं एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. प्रत्येक सभासदाला एक मत, पैसे कितीही दिले तरी. शर्टावर जाहिरात नाही. नफा वाटायचा नाही. काही वर्षांनी तर हंगामी पासची किंमत किमान रकमेच्या वर ज्याची त्याने ठरवायची, असा प्रयोग त्यांनी केला. जुलै २००५ मध्ये ली या गावी पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला, गोलशून्य. लोकांनी मैदानात धावत जाऊन खेळाडूंना खांद्यावर घेतलं. इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवर, जिथे शे-दोनशे माणसं आली तरी गर्दी म्हणतात, तिथे त्या हंगामात एका सामन्याला ६,०२३ लोक आले. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला.

तरी सोडून जाणं सोपं नव्हतं. घराघरांत फाटाफूट झाली. बाप ओल्ड ट्रॅफर्डला, मुलगा बरीच्या भाड्याच्या मैदानावर. केन लोचच्या २००९ सालच्या ‘लुकिंग फॉर एरिक’ या चित्रपटात पबमध्ये याच विषयावरून मित्रांची जुंपते. मागे राहिलेल्यांचा मुद्दा काही पोकळ नव्हता: मालक आज आहेत, उद्या जातील, क्लब का सोडायचा? गेलेल्यांचं म्हणणं, आमच्या तिकिटाचा प्रत्येक पौंड आता व्याजात जातो, मग प्रेम दाखवायचं म्हणजे सावकाराला हप्ता द्यायचा का?

आणि तत्त्व पाळणं किती महाग पडतं तेही लवकरच कळलं. डिसेंबर २००७ मध्ये प्रक्षेपणासाठी एका सामन्याची वेळ पाऊणला आणली गेली, तेव्हा एफसी युनायटेडच्या लोकांनी आपल्याच संघाच्या सामन्यावर बहिष्कार टाकला. तीन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०१० रोजी, एफए कपमध्ये त्यांनी रॉचडेल या लीगमधल्या क्लबला शेवटच्या क्षणी ३-२ ने हरवलं. क्लबच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी रात्र, आणि ती शुक्रवारची होती, कारण सामना टीव्हीवर होता. मला ही विसंगती खटकत नाही. संसार करणाऱ्याला दोन्हीकडे बघावं लागतं. पण त्यांच्यातल्या कित्येकांना ती खटकली, आणि नाराजी साचत गेली. मे २०१५ मध्ये मॉस्टन भागात, जुन्या न्यूटन हीथच्या शेजारीच, सभासदांच्या पैशांची मोठी भर घालून ब्रॉडहर्स्ट पार्क उभं राहिलं. उद्घाटनाला बेन्फिका आली, १९६८ च्या युरोपियन चषकाच्या युनायटेड-बेन्फिका अंतिम सामन्याच्या तारखेला. वर्ष उलटत नाही तोच कारभार लपूनछपून चालतो म्हणून मंडळाविरुद्ध ओरड झाली आणि राजीनामे पडले. मालकाला कंटाळून निघालेल्या माणसांना स्वतःचाही कंटाळा येऊ शकतो. फरक इतकाच की इथे मंडळाला घरी पाठवता आलं.

लंडनमध्ये उलटं घडलं. तिथे माणसांनी क्लब सोडला नाही, क्लबच माणसांना सोडून गेला. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेल्या विंबल्डनचं प्लाव लेन मैदान १९९१ मध्ये सुटलं आणि नंतर सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने क्लबला नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. त्याच अहवालात त्यांनी लिहिलं की पाठीराख्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. त्यावर पाठीराख्यांनी जूनअखेर विंबल्डन कॉमनच्या गवतावर जाहीर चाचणी ठेवून खेळाडू निवडले. त्यांचा एएफसी विंबल्डन सलग ७८ लीग सामने हरला नाही, २०११ मध्ये लीगमध्ये परतला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या घरी आला. कोविडमुळे पहिल्या दिवशी खुर्च्या रिकाम्या होत्या.

ओल्ड ट्रॅफर्डला राहिलेल्यांनीही गप्प राहून सोसलं असं नाही. २०१० मध्ये हजारो गळ्यांत न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर दिसले. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेही सामना संपल्यावर एक गळ्यात घातला. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग जाहीर केली, दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही माघारी फिरले, आणि २ मे रोजी लोक मैदानात घुसल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामनाच पुढे ढकलावा लागला. त्यानंतर सरकारी चौकशी, अहवाल आणि २०२५ च्या जुलैत कायदा झाला. क्लबचं बोधचिन्ह, रंग, मैदान बदलायचं तर आता पाठीराख्यांना विचारावं लागेल. पण तिकिटाचा भाव अजून मालकाच्याच हाती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे २८ टक्के हिस्सा घेऊन जिम रॅटक्लिफ आले, न्यूटन हीथच्या जवळच्या फेल्सवर्थचे. आपला माणूस आला, असं लोकांना वाटलं. त्याच वर्षाअखेर हंगामाच्या मध्यावर उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांची झाली. पोरांना सवलत ठेवली नाही, म्हाताऱ्यांनाही नाही.

आपल्याकडे हा राग फारसा दिसला नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय विजेता होऊन चार वर्षांनी, २०१० मध्ये बंद झाला. गोव्यात पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं, कारण नव्या रचनेत वरची जागा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) संघांना जाणार होती. जुन्या गोंयकारांनी हळहळ केली. माझ्यासारखे तेव्हा इंग्लंडमधला सामना लावून बसले होते. कोल्हापुरात अजून संघाच्या नावातच तालीम असते: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल. तिथे पेठ आधी, संघ नंतर. कुणी विकायला काढला तर नेमकं काय विकणार, असा प्रश्न पडावा.

मँचेस्टरच्या त्या रागात माझाही एक वाटा आहे, हे मला उशिरा उमगलं. शनिवारचा सामना दुपारी साडेबाराला नेला की आपल्याकडे संध्याकाळचे पाच किंवा सहा वाजतात, चहाची वेळ. ती वेळ आशियाला सोयीची असते. २००८ मध्ये प्रीमियर लीगने परदेशात एक जादा फेरी खेळवायचा घाट घातला होता, तो तिथल्या विरोधाने बारगळला, पण त्यांच्या डोळ्यांपुढे माझ्यासारखेच बघे होते. मॉस्टनचा माणूस साडेबाराच्या सामन्यासाठी पहाटे घर सोडून लांबच्या गावी निघतो, तो माझ्या चहासाठी.

त्यातली सर्वांत विचित्र गोष्ट तीनच्या वेळेची. साठच्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला की टीव्हीमुळे छोट्या क्लबांची गर्दी घटेल. तेव्हापासून ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपण सहसा होत नाही. म्हणून ओल्ड ट्रॅफर्डचा तीनचा सामना तिकीट न परवडणाऱ्या मँचेस्टरकराला घरी बसून बघता येत नाही. मला येतो. हिवाळ्यात रात्री साडेआठला, पुण्यात, आता टीव्हीचा आवाज चालू ठेवून. त्याच वेळी ओल्ड ट्रॅफर्डपासून पाच-सात मैलांवर ब्रॉडहर्स्ट पार्कातही सामना सुरू झालेला असतो. तो बघायचा तर तिथे जाऊन उभं राहावं लागतं.